हाळीच्या जागी बॅटरी

आप्पांचं बोलणं गेलं त्याला आता दोन दिवाळ्या झाल्या. उजवा हात आणि उजवा पायही गेला, पण त्याचं मला तेवढं वाटत नाही. हातपाय गेलेली माणसं आमच्या गावात आणखीही आहेत. माझ्या वडलांचा आवाज मात्र दुसऱ्या कुणाकडं नव्हता. मागच्या दारात उभं राहून त्यांनी हाक मारली की ओढ्यापलीकडची माणसं मान वर करून बघायची. मी बेळगावला नोकरीला लागल्यावर ते फोनवर बोलायचे तेव्हा आई शेजारून म्हणायची, "फोनला पैसं कशाला घालवतासा? असंच बोला की, बेळगावपतोर जातंय ऐकू."

आता ते खाटेवर असतात. काही हवं असलं की डाव्या हातानं स्टीलचा पेला खाटेच्या लोखंडी कडेवर आपटतात. त्या आवाजानं मी अजून दचकते.

डोक्याला बांधायच्या एका बॅटरीमुळं आप्पांची ही गत झाली असं म्हटलं की ऑफिसातले लोक शहाण्यासारखं तोंड करून विचारतात, "बीपीची गोळी घेत होते का?" घेत होते. आठवलं की घेत होते. अर्धांगाचा झटका बॅटरीनं आणला नाही हे कळायला मला कुणा शहाण्याची गरज नाही. बॅटरीनं काय केलं ते वेगळंच आहे.

आमचं गाव जांबोटीच्या पुढं, रानाला चिकटून. बस मोजक्याच, आणि त्यातली एखादी न येणं हेच तिचं वेळापत्रक. मी शनिवारी फाट्यावर उतरते आणि पुढं रानातून चालत घरी जाते. शेतं रानाच्या कडेपासून ओढ्यापर्यंत एकाखाली एक उतरत आलेली आहेत. सगळं भात. दसरा झाला, लोंब्या भरल्या, की रानडुकरं उतरायला लागतात आणि मागोमाग गवे. डुकरं खातात कमी आणि लोळून नासवतात जास्त. गवा आला तर विचारायलाच नको. म्हणून कापणी होईतोवर प्रत्येक शेतात माळ्यावर माणूस झोपायला जातो. माळा म्हणजे चार मेढी, वर बांबूची ताटी आणि गवताचं छप्पर. झोपायला जातो म्हणायची फक्त पद्धत आहे, झोप काही मिळत नाही.

या राखणीची एक रीत होती. रानाच्या कडेचा पहिला माळा माझ्या चुलतकाकाचा. तो आप्पांपेक्षा लहान, त्यांना अण्णा म्हणणारा. त्याच्या खालचा माळा आप्पांचा, आणि मग एकेक करत ओढ्याकाठच्या शेवटच्या माळ्यापर्यंत. रात्र पडली की काकानं पहिली हाळी घालायची. ती ऐकून आप्पांनी, मग खालच्यानं, मग त्याच्या खालच्यानं. शेवटची हाळी ओढ्यावरून आली की चक्कर पुरी. डुकरांनाही कळायचं की माणसं जागी आहेत, आणि माणसांनाही कळायचं. अशा चकरा अधूनमधून पहाटेपर्यंत चालायच्या. काकाची हाळी बारीक, शिट्टी मारल्यासारखी. आप्पांची लांबलचक, भरदार आणि शेवटी बिडीचा खोकला. तो खोकला आल्याशिवाय खालचा माणूस आपली हाळी सुरू करत नसे.

नियम एकच होता आणि तो पोरासोरांनाही पाठ होता. हाळीला हाळी आली नाही तर पाय उचलायचा. दुसऱ्यांदा घालून बघायची, तरी उत्तर नाही आलं तर वरच्यानं खाली उतरून बघून यायचं. बहुतेक वेळा माणूस घोरत पडलेला असायचा, मग शिव्या, मग बिडी. पण आवाजावरून बाकीचंही कळायचं. कोण घरात भांडून आलाय, कोण थोडी लावून आलाय. एकदा ओढ्याकाठच्या माणसाची हाळी आली, पण आप्पांना ती पटली नाही. म्हणाले, "ही ह्येची हाळी न्हवं." आणि उतरून गेले. बघतात तर तो तापानं फणफणलेला. त्याला पाठीवर घालून घरी आणला. यात आप्पांचं काही मोठेपण नव्हतं, त्या जागी कुणीही गेलं असतं.

घरी आईचा कान तिकडंच असायचा. भांडी घासता घासता ती हात थांबवून आप्पांचा खोकला ऐकायची आणि परत घासायला लागायची.

डोक्याची बॅटरी काकानं आणली. तो पाहुण्यांकडं निपाणीला गेलता, तिथं बाजारात एक माणूस रस्त्याकडेला ढीग लावून विकत होता. इतकी स्वस्त की काकाला आधी ती खेळण्यातली वाटली. त्यानं सगळ्या माळेकऱ्यांसाठी घेतल्या आणि आमच्या घराला दोन दिल्या, एक आप्पांना आणि एक आईला. खोक्यावर एक गोरा माणूस तंबूसमोर बसून हसत होता, शेजारी नदी आणि मासे. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ही वस्तू कॅम्पिंग, ट्रेकिंग आणि घराबाहेरच्या इतर मौजेसाठी आहे. मी ते आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग आपलीच हाय की. आपलं समदंच भाईर हाय."

खरंच फार सोयीची वस्तू होती, उगाच नावं ठेवणार नाही. रबरी पट्टा कपाळावर चढवायचा, दोन्ही हात मोकळे. वीज गेली की आई ती लावूनच भाकरी थापायची. आप्पा पहाटे ती लावून धार काढायचे, म्हशीला पहिले दोन दिवस ते आवडलं नाही. मी शनिवारच्या वाटेसाठी एक घेतली. तोवर मोबाईलचा उजेड एका हातात आणि पिशवी दुसऱ्या हातात धरून चालायचे आणि पाय कुठं पडतोय ते कळायचं नाही. धबधबे बघायला येणारे शहरातले लोक असल्याच बॅटऱ्या लावून फिरायचे, फक्त त्यांच्या महागाच्या.

त्रास एकच. ती लावून कुणाशी बोलायला गेलं की समोरच्याच्या डोळ्यात उजेड. आई वैतागायची. "त्वांड तिकडं करून बोला," म्हणायची. आप्पा मुद्दाम तिच्याकडंच बघून बोलायचे. भांडण झालं की दोघंही कपाळाला बॅटरी लावलेले, एकमेकांकडं पाठ करून भिंतीला सुनावायचे. मी पोट धरून हसायचे.

बॅटरीला एकच बटण. एकदा दाबलं की मोठा उजेड, दुसऱ्यांदा बारीक, तिसऱ्यांदा लुकलुक. ही लुकलुक कशासाठी असते ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. खोक्यावर काहीतरी लिहिलेलं असेल, पण खोकी तोवर चुलीत गेली होती. काकानं तिचा उपयोग शोधून काढला. तो म्हणाला, घसा कशाला फोडून घ्यायचा? हाळीच्या जागी लुकलुक करायची. वरच्यानं केली की खालच्यानं करायची, ओढ्यापर्यंत. लुकलुक म्हणजे मी जागा आहे, सगळं बरं आहे.

सगळ्यांना पटलं. आप्पांना तर सगळ्यात आधी. त्यांच्या घशाला त्या वर्षी फार त्रास होत होता, डॉक्टरनं बिडी बंद कर म्हणून सांगितलेलं, त्यामुळं हाळी बंद झाली तर बिडी चालू ठेवता येईल असा त्यांचा हिशेब. शिवाय माळ्यावर आता प्रत्येकाच्या कानात मोबाईलची वायर असायची. हाळी ऐकायची म्हणजे गाणं बंद करावं लागणार. उजेड कसा, गाणं ऐकता ऐकता दिसतो. डुकरांसाठी फटाके होतेच.

काही बिनसलं तर काय करायचं, हे मात्र कुणी बोललंच नाही. माणूस ओरडेल की, एवढंच सगळ्यांनी धरून चाललेलं असणार. या गोष्टीचा मला आजही संताप येतो. भात कधी पेरायचं यावर चार दिवस वाद घालणारी माणसं, देवळाच्या घंटेच्या दोरीवरून दोन वर्षं न बोलणारी माणसं, आणि ही गोष्ट एका बिडीत ठरवून मोकळी झाली.

त्या हंगामात आमच्या डोंगरातून हाळी गेली. आई पहिले काही दिवस कान लावून बसायची, मग मागच्या दारात येऊन उजेड बघायला शिकली. वरून दुसरा उजेड लुकलुकला की आत जायची. "हाय," म्हणायची, दाराला कडी घालायची.

तो शनिवार होता. मी घरी आलते. वीज गेलेली. जेवणं झाली, आप्पा कांबळं खांद्यावर टाकून माळ्याकडं गेले. जाताना मला म्हणाले, "सकाळी लौकर ऊठ, घावनं करायला सांगितल्याती." त्यांचं मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य. शेवटचं वाक्य म्हणून आठवावं असं त्यात काही नाही, पण तेच आहे.

आम्ही दोघी मागच्या दारात भांडी विसळत होतो. आईच्या कपाळावर तिची बॅटरी. रान काळं, आणि त्यात वरपासून खालपर्यंत माळ्यांवरचे बारीक उजेड. पहिली चक्कर अजून व्हायची होती. तेवढ्यात आप्पांचा उजेड लुकलुकायला लागला. काकाच्या आधीच. काकानं बघितलं असणार, त्यानंही लुकलुक केली. मग खालचे एकेक. नेहमी ही लुकलुक पाच-दहा वेळा होऊन थांबायची, बटण दाबून बंद करायचे. त्या दिवशी आप्पांची थांबेना. मध्ये बंद झाली, मोठा उजेड आला, गेला, परत लुकलुक. काकाला मजा वाटली, तोही थांबेना. मग सगळेच. अख्खा उतार लुकलुकत होता. लग्नाच्या मांडवावर रोषणाई करतात तसं दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर फार सुंदर दिसत होतं.

आई हसायला लागली. "आज लई रंगात आलंय म्हातारं," ती म्हणाली. "पोरगी आलीया म्हणून दावतंय जणू." आणि तिनं राखेचा हात पदराला पुसला, कपाळावरचं बटण लुकलुक येईतोवर दाबलं, आणि आप्पांच्या उजेडाकडं तोंड करून उभी राहिली. तिची बॅटरी लुकलुकत होती, इकडून तिकडं. "व्हय व्हय, बगितलं," ती म्हणाली. मग तिनं लुकलुक बंद केली, भांडी उचलली आणि आम्ही आत आलो. झोपताना मी खिडकीतून बघितलं तेव्हा बाकीचे शांत झाले होते, आप्पांची अजून चालू होती.

सकाळी धार काढायची वेळ टळली तरी आप्पा आले नाहीत. म्हैस ओरडत होती. आई म्हणाली, रात्रभर खेळत बसलं, आता झोपलं असंल. मग वरून काकाचं ओरडणं ऐकू आलं. कित्येक दिवसांनी त्या डोंगरात माणसाचा आवाज आला, आणि तो असा.

आप्पा माळ्याखाली बांधाला टेकून पडले होते. शिडीवरून उतरताना की चढताना ते माहीत नाही. कांबळं वरच राहिलेलं. दवानं अंगावरचे कपडे चिंब. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे उघडे. आम्हाला ओळखत होते. आणि आजूबाजूचं भात डुकरांनी पार लोळवून टाकलं होतं, त्यांच्या पायापासून हातभरावर खुरांच्या खुणा होत्या. डुकरं रात्रभर त्यांच्या भोवती चरत होती. कपाळावरची बॅटरी चालूच होती. चार्ज संपत आल्यामुळं उजेड पिवळट झालेला, पण लुकलुकत होती.

काकानं ती त्यांच्या डोक्यावरून काढली आणि खिशात टाकली. आम्ही त्यांना खाटेवर घालून फाट्यापर्यंत नेलं, तिथून गाडी करून बेळगावला. दवाखान्यातल्या डॉक्टरनं पहिलं विचारलं, "शेवटचे बरे कधी होते? कुणी बघितलं?" मेंदूत रक्ताची गाठ अडकली की ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते झटका आल्यापासून थोड्या तासांतच देता येतं, त्यानंतर नाही. काका पुढं होऊन म्हणाला, "रातच्याला जेवणं झाल्यावर लई येळ बॅटरी लुकलुकवत हुता. तवर बरा हुता सायब. आम्ही समद्यांनी बगितलंय." डॉक्टरनं मान हलवली. म्हणजे झटका पुढं रात्रीत कधीतरी आला असणार, आणि आता इंजेक्शनची वेळ गेली, असं त्यानं सांगितलं. कुणाचा दोष नव्हता. रानात एकटा माणूस, रात्री झटका आला, कुणाला कळणार? आम्ही तेच धरून बसलो. दुःख होतं, पण पोटात घालता येण्यासारखं होतं.

आप्पांना घरी आणलं. बोलणं येईल म्हणून एक बाई तोंडाचे व्यायाम शिकवून गेली. आई रोज त्यांना 'आ' म्हणायला लावायची, आणि ज्या माणसाला ती आयुष्यभर हळू बोला म्हणत आली तो तिच्याकडं बघत तोंड उघडायचा आणि नुसती हवा यायची. काका रोज संध्याकाळी यायचा, पाय चोळून द्यायचा, गावच्या बातम्या सांगायचा. आप्पा मात्र तो आला की डोळे मिटून घ्यायचे. आम्हाला वाटायचं थकले असतील.

एका संध्याकाळी काकानं खिशातून मोबाईल काढला. म्हणाला, "अण्णा, तुला एक गंमत दावायची ऱ्हायलीच. त्या राती मी माळ्यावरनं व्हिडिओ काढला हुता. बग, कसं झकास दिसतंय." आणि मोबाईल त्यांच्या तोंडापुढं धरला. मी खाटेच्या पायथ्याशी होते, मलाही दिसत होतं. अंधारात लुकलुकणारे उजेड, रातकिडे, मध्येच काकाचं हसणं.

आप्पांनी डाव्या हातानं मोबाईलला असा फटका मारला की तो भिंतीवर जाऊन आपटला.

काका घाबरला. आप्पांच्या घशातून एक घरघर यायला लागली, डोळे मोठे झाले, आणि ते डाव्या हातानं खुंटीकडं दाखवायला लागले. खुंटीवर आईची बॅटरी होती. आईनं ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं, एकदा, दोनदा, तीनदा. बॅटरी लुकलुकायला लागली. ती त्यांनी काकाच्या तोंडासमोर धरली आणि तोंड उघडलं. काही आलं नाही. परत तोंड उघडलं. मग बॅटरी आईकडं वळवली, मग माझ्याकडं, मग परत काकाकडं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते तोंड उघडत होते आणि मिटत होते.

आम्हाला कळलं. तिघांनाही एकाच वेळी कळलं असावं, कारण कुणीच कुणाकडं बघितलं नाही.

नंतर मी तो व्हिडिओ मागून घेतला. मोबाईलची काच तडकली होती पण चालत होता. नीट बघितलं तर बाकीचे उजेड माळ्याच्या उंचीवर आहेत आणि आप्पांचा खाली, जमिनीजवळ. भाताच्या आडून येतोय. पहिल्या लुकलुकीलाच ते खाली पडलेले होते. तोंडातून आवाज निघत नव्हता, डावा हात तेवढा चालत होता, आणि कपाळावर ती बॅटरी होती. त्यांनी दाबायला जे होतं ते दाबलं. आणि सगळ्या डोंगरानं त्यांना उत्तर दिलं की आम्हीही मजेत आहोत.

त्या वेळी कुणी उठून गेलं असतं तर आम्ही वेळेत पोचलो असतो. हे मी रडून ओरडून म्हणत नाही, तो रस्ता मी दर आठवड्याला करते. काका त्यांच्या लगेच वर होता. हाळीचे दिवस असते तर आप्पांची हाळी आली नसती, आणि काका शिव्या घालत का होईना, खाली उतरला असता. आवाज गेला की लगेच कळायचं. उजेडाचं तसं नसतं, माणूस मरून पडला तरी तो चालू राहतो.

आईनं दुसऱ्या दिवशी तिची बॅटरी शेजारणीला देऊन टाकली. वीज गेली की ती आता अंधारात बसते किंवा चिमणी लावते. ती एकदा आपणहून म्हणाली, "मी त्येस्नी व्हय व्हय म्हटलं गं." मी नुसती तिच्याजवळ बसून राहिले. तिला समजावणं म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं मला जमत नाही.

त्याच हंगामात काकानं परत हाळी सुरू केली. कुणाशी ठरवलं नाही, बोलला नाही. एका रात्री वरून त्याची बारीक हाळी आली. बराच वेळ कुणी उत्तर दिलं नाही. मग ओढ्याकाठच्या माणसानं दिली, ज्याला एकदा आप्पांनी पाठीवर घालून आणलं होतं. दुसऱ्या रात्री सगळ्यांनी. बॅटऱ्या आहेतच, रस्ता बघायला लावतात, पण लुकलुक कुणी करत नाही. आमचं शेत आता काकाच वाट्यानं करतो, एकाच माळ्यावरून दोन्ही बघतो. त्यामुळं चकरेत आप्पांची जागा रिकामी राहायला लागली. काकाची हाळी व्हायची, मग सगळे थोडं थांबायचे, आप्पांच्या हाळीला आणि खोकल्याला लागेल एवढं, आणि मग खालच्याची यायची. आप्पा खाटेवरून ती थांबलेली जागा ऐकायचे. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या.

असं काही दिवस चाललं. मग एका शनिवारी काकाची हाळी आली आणि आई हातातलं पीठ तसंच टाकून मागच्या दारात गेली आणि तिनं हाळी घातली. आमच्याकडं बायका राखणीला जात नाहीत, हाळी घालणं तर लांबच. आई तर शेजारणीलाही हळू हाक मारणारी. तिचा आवाज मध्येच फाटला, गावातली कुत्री भुंकायला लागली, आणि मी आत तोंडावर हात दाबून हसत होते की रडत होते ते मलाच कळलं नाही. खालून हाळी आली. चक्कर पुरी झाली. तेव्हापासून आप्पांच्या जागची हाळी आई देते. राखणीच्या दिवसांत रोज, संध्याकाळची पहिली तेवढी. तिला आता बरी जमते.

या वर्षीची गोष्ट. दिवाळी तोंडावर, मी सुट्टी काढून आलते. दिवेलागण होऊन गेली होती. आम्ही दोघी आप्पांना खाटेवरून उचलून संडासाच्या खुर्चीवर बसवत होतो. हे काम दोघींचं आहे, एकीनं काखेत हात घालायचे, एकीनं कंबर धरायची, मध्ये सोडता येत नाही. तेवढ्यात काकाची हाळी आली. आईनं मान वळवली, पण हात कुठले मोकळे? "आदी ह्येस्नी बसवू," ती म्हणाली. सगळं आवरून, पुसून, कपडे बदलून त्यांना परत खाटेवर आणायचं होतं. दुसऱ्यांदा हाळी आली. आप्पा आमच्या हातांत कासावीस व्हायला लागले, डाव्या हातानं आईला दाराकडं ढकलायला लागले. आई म्हणाली, "व्हय वो, जातो की, पडशीला."

आम्ही त्यांना खाटेवर निजवलं. आई पदर सावरत मागच्या दाराकडं निघाली आणि बाहेर कुणीतरी धावत येत असल्याचा आवाज आला. दार ढकलून काका आत आला. पायात चप्पल नव्हती, एका गुडघ्यातून रक्त येत होतं, कपाळावर बॅटरी. त्याला नीट श्वास घेता येत नव्हता.

"काय झालं?" तो म्हणाला. "काय झालं? हाळी का न्हाय दिलीसा?"

"काय न्हाय झालं," आई म्हणाली. "हात गुतलं हुतं."

काका खाटेजवळ आला आणि खाली जमिनीवरच बसला. त्यानं आप्पांचा डावा हात दोन्ही हातांत धरला. "आलो न्हवं, अण्णा," तो म्हणाला. "बग, लगीच आलो. हाळी न्हाय आली, लगीच पाय उचलला." हेच तो परत परत म्हणत राहिला, लहान पोरानं सांगावं तसं, आणि रडत होता.

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं आता ते त्याच्या डोक्यावर हात ठेवतील. आईलाही तसंच वाटलं असावं, ती दारातच थांबली होती.

आप्पांनी आपला हात सोडवून घेतला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

काका तसाच बसून राहिला. त्याच्या कपाळावरची बॅटरी चालू होती आणि तिचा उजेड आप्पांच्या मानेवर पडला होता. ती बंद कर म्हणून आम्ही कुणीच त्याला सांगितलं नाही.